वर्तन-व्यवस्थापनाचं प्रशिक्षण वर्गात का टिकत नाही आणि टिकावं म्हणून काय करावं

प्रश्न एका शाळेच्या शैक्षणिक समन्वयकांचा आहे. थोडक्यात असा: "शिक्षकांसाठी सकारात्मक वर्तन-व्यवस्थापनाची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. कौतुकाचं महत्त्व, शिक्षेचे तोटे, मुलांच्या भावना, सगळं झालं. शिक्षकांना ती मनापासून आवडली. पण दीडेक महिन्यात वर्गावर्गांतून पुन्हा तेच ओरडणं ऐकू येऊ लागलं. काही जण आता उघड म्हणतात की हे ऐकायला बरं आहे, पण आमच्या वर्गात चालत नाही. पुढचं प्रशिक्षण वेगळं कसं करावं?"

शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात मी बरीच वर्षं आहे आणि या क्षेत्रातला हाच प्रश्न माझ्यापुढे सगळ्यांत जास्त वेळा येतो. आधी एक सांगते: शिक्षकांच्या निष्ठेवर शंका घेऊ नका. त्यांना कार्यशाळेतलं पटलं होतं आणि आजही पटतं. पण हॉलमध्ये बसून एखादी गोष्ट पटणं वेगळं. वर्गात चाळीस मुलं एकदम बोलत असताना नेमकं वाक्य शांत आवाजात तोंडातून निघणं, हे अंगात मुरलेलं कौशल्य लागतं. आपण पहिल्या गोष्टीची सोय करतो आणि दुसरी आपोआप होईल असं धरून चालतो.

ती आपोआप का होत नाही, हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या प्रशिक्षणाची सगळी आखणी त्यावर ठरते. वर्गात गलका वाढला, शिक्षिकेने टेबलावर डस्टर आपटून "गप्प बसा!" म्हटलं, वर्ग त्या क्षणी शांत झाला. शांतता दोन मिनिटंच टिकते, पण मिळते लगेच. ज्या कृतीने त्रास ताबडतोब थांबतो ती कृती माणूस पुन्हा पुन्हा करतो. वर्तनाच्या अभ्यासात याला ऋण प्रबलन म्हणतात आणि ते मुलांइतकंच मोठ्यांनाही लागू आहे. म्हणजे ओरडण्याचा सराव शिक्षकांना रोज मिळतो, तोही लगेच फळ देणारा. कौतुक, स्पष्ट सूचना, वर्गाच्या ठरलेल्या सवयी यांचं फळ आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसू लागतं. तोवर शिक्षक धीर धरणार कशाच्या जोरावर? कार्यशाळेच्या आठवणीवर इतकं ओझं टाकता येत नाही.

चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी शिक्षकांना आवर्जून सांगते. पहिलीच्या वर्गात शिक्षिकांनी "खाली बस" ही आज्ञा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिली. आज्ञा मिळाली की ते मूल बसायचं, त्यामुळे शिक्षिकांना आज्ञा चालते आहे असंच वाटावं. पण नोंदी सांगत होत्या की जागा सोडून उठण्याचं प्रमाण एकंदरीत वाढलं आहे. मग बसून काम करणाऱ्या मुलांची दखल घेण्यावर भर दिला, तेव्हा उठणं कमी झालं. हे ऐकून शिक्षक विचारात पडतात, कारण आपल्याला चालतं असं वाटणारं आणि खरोखर चालणारं यांत अंतर असू शकतं हे त्यांच्या रोजच्या अनुभवाशी लगेच जुळतं. याच गटाने त्याच वर्षी दुसराही अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते नियम सांगून मुलांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. चांगल्या वागण्याची दखल घेणं आणि किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करणं यांची जोड मिळाली तेव्हा पडला. भिंतीवर नियमांचा तक्ता लावून काम झालं असं मानणाऱ्या शाळांनी एवढा एक निष्कर्ष तरी लक्षात ठेवावा.

आता आखणीकडे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून शिक्षक-प्रशिक्षणाचे टप्पे मांडले: समजावणं, करून दाखवणं, सराव आणि त्यावर अभिप्राय, आणि शेवटी प्रत्यक्ष वर्गात सोबत. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सरावापर्यंत येऊन थांबलं तर शिकलेलं वर्गात रोज वापरणारे ५ टक्क्यांच्या आसपास असतात. वर्गातली सोबत जोडली की हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात जातं. हे ढोबळ अंदाज आहेत, काटेकोर मोजमाप म्हणून ते कुणापुढे ठेवू नका. पण दिशा अगदी बरोबर आहे आणि मी स्वतः ती पुन्हा पुन्हा अनुभवली आहे. म्हणून तुमच्याकडे वर्षभरासाठी जेवढा वेळ असेल त्यातला एक तृतीयांशच हॉलमध्ये घालवा. उरलेला वर्गांसाठी राखून ठेवा.

एका वेळी एकच कौशल्य घ्या. दोन दिवसांत पंधरा तंत्रं सांगितली की शिक्षक वहीत पंधराही उतरवून घेतात आणि सोमवारी एकही वापरत नाहीत. पहिलं कौशल्य मात्र असं निवडा की त्याचा फायदा शिक्षकाला त्याच आठवड्यात दिसेल. ओरडण्याचं फळ लगेच मिळतं, त्याच्याशी आपली स्पर्धा आहे हे विसरू नका.

माझी पसंती सूचना देण्याला आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याला असते. जेकब कौनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण करून बारकाईने अभ्यास केला आणि १९७० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचे वर्ग उत्तम चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत, ते शिक्षक मुलांना दटावतात कसे यात त्यांना म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या क्षणांत. कुठे काय चाललं आहे याचं भान शिक्षकाला असणं आणि ते मुलांना जाणवणं, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवता येणं, तास न अडखळता पुढे सरकणं. प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ "मूल असं वागलं तर काय करायचं" यावर जातो. तो वेळ या आधीच्या क्षणांवर घालवला तर त्या प्रश्नांतले निम्मे उद्भवतच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

सूचनेचा सराव असा घ्या. शिक्षकांना सहा-सात जणांच्या गटांत बसवा. एकजण शिक्षक, बाकीचे मुलं. काम साधं: "गटात बसलेल्या मुलांना जागेवर परत नेऊन वही उघडायला लावा." मुलं झालेल्यांना छोट्या चिठ्ठ्या द्या. एक शेजाऱ्याशी कुजबुजतो, एकीचं पेन खाली पडतं, एकजण सूचना संपताच विचारतो, "कुठलं पान?" एवढंच पुरे. आडदांड मुलाची भूमिका कुणाला देऊ नका. मोठी माणसं ती फार रंगवतात, हशा होतो आणि सराव बाजूला राहतो. सूचना देणाऱ्याने चार गोष्टी पाळायच्या: सगळे शांत होईपर्यंत बोलायला सुरुवात करायची नाही, एका वेळी एकच कृती सांगायची, काय करू नका याऐवजी काय करा ते सांगायचं, आणि सांगून झाल्यावर पाच सेकंद गप्प राहून वर्गाकडे बघायचं.

यातली चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड जाते. सूचना दिली की बहुतेक शिक्षक तीच लगेच पुन्हा देतात, मग तिसऱ्यांदा, दर वेळी आवाज चढवत. मुलं यातून एकच शिकतात की पहिल्या दोन सूचना ऐकल्या नाहीत तरी चालतं. पाच सेकंद गप्प उभं राहणं हॉलमध्येसुद्धा शिक्षकांना फार लांबल्यासारखं वाटतं, म्हणून ते तिथेच पुन्हा पुन्हा करून घ्या. प्रत्येकाची किमान तीन वेळा पाळी यायला हवी. पहिल्या वेळेला लाज असते, दुसऱ्या वेळेला लक्षात काय काय ठेवायचं याची धांदल असते, तिसऱ्या वेळी आवाज जागेवर येतो.

वर्गात याची चाचणी घ्यायलाही सोपी आहे. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत किती वेळ गेला तो घड्याळ लावून मोजायचा. आठवडाभर रोज एकदा. वेळ कमी होताना शिक्षकाला स्वतःला दिसतो. त्याला कुणी पटवावं लागत नाही.

दुसरं कौशल्य दखल घेण्याचं, कौतुकाचं. इथे गैरसमज इतके आहेत की थोडं सविस्तर लिहिते.

"छान!", "शाब्बास!", "गुड!" यांनी वातावरण बरं राहतं, पण मूल काय केल्यामुळे शाबासकी मिळाली हे त्यातून कळत नाही. दखल नेमक्या कृतीची हवी. "प्रश्न दोनदा वाचून मग लिहायला घेतलंस, म्हणून एकक चुकलं नाही." "मागच्या दोन्ही रांगांची पुस्तकं उघडली आहेत." "राग आला होता तरी तू हात मागे घेतलास, ते मी पाहिलं." शेवटचं वाक्य मुद्दाम दिलं आहे. अभ्यासाचं कौतुक शिक्षक बऱ्यापैकी करतात. वागण्याची दखल मात्र बहुतेक वेळा वागणं बिघडल्यावरच घेतली जाते. चांगलं वागणं म्हणजे मुलांचं कर्तव्यच, त्यात बोलून काय दाखवायचं, असा विचार त्यामागे असतो. पण जे मूल कालपर्यंत हात उगारत होतं त्याच्यासाठी हात मागे घेणं हा मोठा पल्ला आहे आणि त्याला तो दिसला पाहिजे.

भावनिक आणि वर्तनविषयक अडचणी असलेल्या पाचवीच्या मुलांच्या वर्गात केविन सदरलँड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकाने अशी नेमकी दखल घेणं वाढवलं, तेव्हा मुलं कामात गुंतलेली असण्याचं प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास होतं ते ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं. दखल घेणं थांबवल्यावर ते पुन्हा घसरलं. वर्ग एकच आणि लहान होता, त्यामुळे सगळीकडे एवढाच फरक पडेल असं म्हणू नका. तरी "या मुलांवर काही चालत नाही" असं ज्या मुलांबद्दल म्हटलं जातं, तशाच मुलांचा हा वर्ग होता.

एका दटावणीमागे चार-पाच वेळा कौतुक, असं एक सूत्र प्रशिक्षणांत फार फिरतं. पॉल काल्डारेला आणि सहकाऱ्यांनी १९ प्राथमिक शाळांतल्या २,५३६ मुलांचं निरीक्षण करून २०२० मध्ये दाखवलं की असा कुठलाही जादूचा उंबरठा नाही. दटावण्याच्या तुलनेत कौतुकाचं प्रमाण जसजसं वाढतं तसतसं मुलांचं लक्ष वाढत जातं. म्हणून शिक्षकांना कोटा ठरवून देऊ नका. कोटा दिला की तोंडदेखलं कौतुक सुरू होतं आणि मुलांना ते पहिल्याच दिवशी कळतं. आज जेवढं आहे त्याहून थोडं जास्त, एवढीच अपेक्षा ठेवा.

कौतुकाचा एक प्रकार मात्र मी शिक्षकांना कटाक्षाने टाळायला सांगते: "बघा, ती कशी शहाण्यासारखी बसली आहे!" हे वाक्य तिच्यासाठी नसतंच, बाकीच्यांना टोचण्यासाठी असतं. त्यात तिचीही कुचंबणा होते आणि वर्गात ती एकटी पडते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तर चारचौघांतलं साधं कौतुकही नकोसं होऊ शकतं. त्यांच्या बाकाजवळून जाताना हळू आवाजात एक वाक्य, किंवा वहीत एक ओळ, हे त्यांना चालतं. "तू हुशार आहेस" हेही जपून वापरावं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयश आल्यावर चिकाटीत मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

बक्षिसं, चांदण्या, गुण यांबद्दल शिक्षक हमखास विचारतील. जे काम मुलं आधीच आवडीने करतात त्यावर बक्षीस लावू नये. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं, तर नंतर ती आपणहून चित्रं काढण्यात कमी वेळ घालवतात. जे वागणं अजून सुरूच झालेलं नाही, त्यासाठी काही आठवडे बक्षीस वापरायला हरकत नाही. ते कधी आणि कसं काढून घ्यायचं हे आधी ठरलेलं असावं.

आता वर्गातली सोबत. इथे बहुतेक शाळांची गाडी अडते, कारण सोबत आणि तपासणी यांची सरमिसळ होते. वर्गात येऊन बसणारी व्यक्ती जर शिक्षकाचा गोपनीय अहवाल लिहिणारी असेल, तर शिक्षक त्या तासाला नाटक करणार, आणि करणं स्वाभाविकच आहे. म्हणून सोबतीच्या नोंदी शिक्षकाच्याच मालकीच्या राहतील, मुख्याध्यापकांकडे जाणार नाहीत, हे मुख्याध्यापकांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगावं आणि पाळावं. एकदा जरी मूल्यमापनाच्या बैठकीत त्या नोंदीचा उल्लेख झाला तरी पुढचं सगळं वर्ष वाया जातं.

पद्धत साधी ठेवा. आदल्या दिवशी पाच मिनिटं भेटून शिक्षकालाच विचारा की मी काय मोजू. "सूचना दिल्यावर मी थांबते का ते बघा," असं ठरलं तर फक्त तेवढंच बघायचं. फळ्यावरचं अक्षर, पाठाची मांडणी, वर्गाची सजावट, यांतलं काहीही दिसलं तरी बोलायचं नाही. वीस मिनिटं मागे बसा, कागदावर खुणा करा. त्याच दिवशी, शक्यतो मधल्या सुट्टीत, भेटा. आधी शिक्षकाला विचारा, "तुम्हाला कसं वाटलं?" मग खुणांचा कागद त्यांच्या हातात द्या. मग नेमकं एक वाक्य, जे चांगलं झालं त्याबद्दल: "प्रयोगाची वही काढायला सांगितल्यावर तुम्ही थांबलात, तेव्हा खिडकीजवळची तिघं आपणहून वळली." शेवटी पुढच्या वेळी काय करून बघायचं ते त्यांच्याच तोंडून ठरू द्या. आपण शिक्षकांना मुलांशी जसं वागायला सांगतो तसंच आपण त्यांच्याशी वागतो आहोत का, हे इथे तपासलं जातं. नेमकी दखल न घेता नुसत्या चुका दाखवणारा मार्गदर्शक शिक्षकाला चुका दाखवायलाच शिकवतो.

जे शिक्षक म्हणतात की आमच्या वर्गात हे चालत नाही, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या परवानगीने तो वर्ग एक तास तुम्ही घ्या आणि खुणांचा कागद त्यांच्या हातात द्या. तुमचा तास सुरेख होईल असं नाही, अनोळखी वर्गात बहुधा होणारही नाही. पण तुम्ही ओळखीच्या कौशल्यांचा वापर कुठे केला, कुठे जमलं आणि कुठे नाही, यावर नंतर बरोबरीच्या नात्याने बोलता येतं. शेजारच्या वर्गातल्या दोन शिक्षकांनी एकमेकांना अशी सोबत करणं तर त्याहून उत्तम, कारण ते रोज शाळेत असतात.

तिसरा टप्पा, गडबड झाल्यावर काय करायचं याचा. तो शेवटी घ्यायला मी सांगते, पण शिक्षकांच्या मनात तो पहिल्या मिनिटापासून असतो. "मग शिक्षा करायचीच नाही का?" या प्रश्नाला टाळाटाळ न करता उत्तर द्या. मारणं, अपमान, सगळ्यांसमोर उभं करून बोलणं, एकाच्या चुकीसाठी वर्गाला वेठीला धरणं, हे नाहीच. पण परिणाम असतात. सांडलेलं पुसायचं, फाडलेलं चिकटवायचं, राहिलेलं काम राहिलेल्या वेळात पूर्ण करायचं. परिणाम लहान असावा, आधी माहीत असावा आणि दर वेळी तोच असावा. शिक्षक रागावलेले असताना ठरवलेला परिणाम जवळजवळ नेहमीच फार मोठा असतो आणि मग तो पाळला जात नाही.

आणि मग ते एक मूल, ज्याचं नाव प्रत्येक शिक्षकखोलीत सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यासाठी शिक्षकांना एकच सवय लावा: काय झालं ते लिहिताना त्याच्या लगेच आधी काय घडलं आणि लगेच नंतर त्याला काय मिळालं, हेही लिहायचं. आठ-दहा नोंदी झाल्या की आकार दिसायला लागतो. दर वेळी मोठ्याने वाचायची पाळी यायच्या आधीच तो भांडण काढत असेल आणि दर वेळी त्याला वर्गाबाहेर पाठवलं जात असेल, तर वर्गाबाहेर जाणं ही त्याच्यासाठी सुटका आहे. तिथे शिक्षा वाढवून काही होणार नाही. वाचनाची मदत द्यावी लागेल आणि "मला आत्ता जमत नाही" हे सांगायचा सन्मानाचा मार्ग शिकवावा लागेल. तेच वागणं सगळ्यांचं लक्ष मिळवण्यासाठी असेल तर उपाय अगदी वेगळा.

लक्ष वेधण्यासाठीच्या किरकोळ खोडीकडे दुर्लक्ष करायला सांगताना एक धोक्याची सूचना आधीच द्या. दुर्लक्ष सुरू केलं की ते वागणं आधी वाढू शकतं. रोज मिळणारं लक्ष मिळेनासं झालं म्हणून मूल जास्त जोर लावतं. हे आधी सांगितलं नसेल तर शिक्षक नेमके त्याच दिवशी हार मानतात, आणि मुलाला कळतं की जास्त जोर लावला की काम होतं. नुसतं दुर्लक्ष पुरतही नाही. त्याच मुलाने योग्य काही केलं की लगेच त्याच्याकडे लक्ष गेलं पाहिजे. कुणाला इजा होण्याचा प्रश्न असेल, किंवा मूल गप्प गप्प, घाबरलेलं, अचानक बदललेलं दिसत असेल, तिथे दुर्लक्षाचा विषयच नाही. तिथे समुपदेशकांची आणि पालकांची मदत त्याच दिवशी घ्यायची.

वर्षाच्या आखणीत एका कौशल्याला किमान सहा आठवडे द्या: सुरुवातीला अर्ध्या दिवसाचा सराव, मग प्रत्येक शिक्षकाकडे दर पंधरवड्याला एक सोबतीचा तास, आणि शेवटी एक तासभराची बैठक, ज्यात शिक्षक आपापल्या खुणांचे कागद घेऊन येतील. शिक्षकसंख्या मोठी असेल तर सगळ्यांना एकदम घेऊ नका. स्वेच्छेने येणाऱ्या सहा-आठ जणांपासून सुरुवात करा. पुढच्या गटाची सोबत त्यांच्यातलेच काही जण करू शकतील. आणि वेळापत्रक करताना या सोबतीच्या तासांची जागा आधी पक्की करा, कारण बदली तास लावायची वेळ आली की सगळ्यांत आधी हेच तास कापले जातात.